येळवशीला लेकरं घेऊन येतोय

पुणे, रविवार, १५ डिसेंबर २०२४

ती. अण्णा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

यंदा येळवस, म्हणजे आपली रानात पूजा करून जेवायची वेळ अमावास्या, सोमवारी, ३० तारखेला आलीय आणि मनूच्या शाळेला नाताळची सुट्टी आहे. आम्ही शनिवारी २८ ला लातूरजवळच्या हरंगुळच्या गाडीनं निघतोय. दादाला स्टेशनवर पाठवा. सामान फार नाही, पण सोन्या कडेवर असणार.

आई, फोनवर तू बाजरीचे उंडे किती, भज्जीच्या भाजीला तुरीचे दाणे किती, तिळाच्या पोळ्या किती हेच सांगत होतीस. माझं म्हणणं एवढंच, की स्वयंपाक यंदा थोडा कमी केला तरी चालेल, पण वावरातला आखाडा, गोठा-हौद सगळं, आधी एकदा लेकरांच्या उंचीवरून बघून घ्या. मनू साडेपाच वर्षांची झाली, ती सांगितलेलं ऐकते. सोन्या दीड वर्षाचा. दिसेल ते तोंडात घालतो आणि पाणी दिसलं की तिकडंच धावतो. काय काय बघायचं ते खाली लिहिते. दादालाही वाचून दाखवा.

सगळ्यात आधी शेततळं. विहिरीची भीती सगळ्यांना असते, म्हणून तिकडं कुणी लेकराला जाऊ देत नाही. शेततळ्याला मात्र उतार असतो, ते उथळ वाटतं, आणि फसगत तिथंच होते. आत अंथरलेल्या प्लास्टिकवर शेवाळाचा पातळ थर बसतो. धरायला गवत नाही, पाय रोवायला माती नाही. पोहता येणारा गडीसुद्धा त्या उतारावरून पुन्हा पुन्हा खाली घसरतो आणि दमतो. म्हणून दादाला म्हणावं, प्रत्येक बाजूला एक अशा चार जाड दोऱ्या सोडायच्या. काठापासून चार हात मागं पक्क्या जमिनीत पहार खोल ठोकायची. अगदी काठावर ठोकली तर तिथली भरावाची माती सैल असते, ओढ बसली की पहार उपटून येते. दोरीला हात-हात अंतरावर मोठ्या गाठी मारा, कारण ओल्या हातातून नुसती दोरी सटकते. पाण्यातल्या टोकाला फुगवलेली ट्यूब बांधा. दोऱ्या कायमच्या तिथंच राहू द्या, आपल्या गड्यांच्याही उपयोगाच्या आहेत.

तळ्याभोवती कुंपणही लागेल. रानडुकरांसाठी हरभऱ्याला बांधतो तशा साड्या इथं कामाच्या नाहीत, सोन्या खालून सरपटत जाईल. बोरी-बाभळीच्या फांद्या कमरेइतक्या उंच, दोन थर करून, मध्ये फट न ठेवता रचा. विहिरीच्या वाटेवरही तसंच करा. आखाड्यावरचा हौद आणि जनावरांचं पाण्याचं घमेलं विसरू नका. दीड वर्षाच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, वाकलं की ते डोक्यावरच आत जातं आणि वीतभर पाण्यातून त्याला उठता येत नाही. बादल्या पालथ्या करून ठेवा.

बुडणारं लेकरू ओरडत नाही. तोंडात पाणी गेलं की आवाज निघतच नाही. तीस-चाळीस माणसं जमलेली असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी बघतोय. म्हणून पाळ्या लावूया. अण्णांचा लाल पंचा ज्याच्या गळ्यात, त्याच्याकडे सोन्या. अर्ध्या तासानं पंचा आणि लेकरू दोन्ही हातोहात दुसऱ्याकडे द्यायचं, नुसतं ‘बघ गं जरा’ म्हणून उठायचं नाही. पंचा गळ्यात असेपर्यंत मोबाइल खिशात. पहिली पाळी माझी.

आता कोपीचं, म्हणजे पूजेच्या कडब्याच्या खोपटाचं. कडबा गंजीतून आदल्या संध्याकाळी घाईघाईनं काढू नका. २८ लाच दिवसाउजेडी पेंढ्या काढा, बंध सोडा, धाटं जमिनीवर आपटून झाडा आणि उन्हात पसरा. थंडीत उंदीर गंजीत घर करतात आणि उंदरांच्या मागं साप येतो. पेंढी काढणाऱ्याच्या पायात बूट हवेत आणि आधी काठीनं पेंढी हलवायला हवी. कोप उभी राहिली की लेकरांच्या बसण्याच्या उंचीची वाळलेली पानं काढून टाका, ज्वारीच्या पानाची कड कोवळ्या हाताला कापते. देव न करो, पण साप चावलाच तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, कुणाकडे उतारा करत बसायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करायचा नाहीतर सरळ गाडीत घालून लातूरचा सरकारी दवाखाना गाठायचा. औशाहून वीस किलोमीटर आहे.

पूजेत मांडायचे पांडवांचे पाच दगड मनूला गोळा करायचेत, आतापासून तेच चाललंय. जरूर करू द्या, पण बांधावरचा दगड तिनं सरळ हातानं उचलायचा नाही. आधी मोठ्यांनी काठीनं उलथवायचा, खाली बघायचं, मग तिच्या हातात द्यायचा. दगडाखाली विंचू असतो. लाल विंचू अंगानं लहान, पण लहान लेकरांना काळ्यापेक्षा जास्त घातक. नांगी लागल्यावर लेकराला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर आग कमी झाली म्हणून घरी थांबायचं नाही. विष हृदयावर जातं. आपल्याच मराठवाड्यातल्या, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून यावर प्राझोसिन नावाच्या औषधाचा उपचार बसवला, त्यानं असंख्य जीव वाचले. पण ते औषध वेळेत, डॉक्टरच्या हातूनच मिळायला हवं.

त्या दगडांना आपण चुना लावतो. तो मनूच्या हातात देऊ नका. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तरी बुबुळ भाजतं, आणि लेकरू डोळा चोळतं म्हणून तो आणखी पसरतो. कळीचा चुना असेल तर आदल्या दिवशी घरीच विरवून गार करून ठेवा, वावरात पाणी ओतून उकळवू नका. चुना अण्णांनी लावायचा आणि वाळला की मनूनं गेरूनं ठिपके द्यायचे. तिला ब्रशऐवजी बाभळीची काडी ठेचून द्या, खूश होईल. तरीही डोळ्यात गेलाच तर फुंकर नको, दूध नको. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार वीस मिनिटं सोडायची, मग दवाखाना.

हरभऱ्यात लेकरांना सकाळी सोडू नका. पानांवर दवाबरोबर आंब असते, ती उघड्या पायांना लागली की खाज सुटते, आग होते. ऊन चढून दव वाळल्यावर, पायघोळ कपडे घालून जाऊ द्या. दुसरी गोष्ट फवारणीची. घाटेअळीसाठी शेवटची फवारणी कधी झाली ते दादानं तारखेसकट सांगावं. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते छापलेलं असतं. तेवढे दिवस झाले नसतील तर त्या तुकड्यातला एकही घाटा लेकरांना नको, धुऊनसुद्धा. एक पट्टा येळवशीसाठी बिनफवारणीचा ठेवला असेल तर फार बरं. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे, ती आधी मोडा. डबे, पंप, मापाचं टोपण, सगळं कुलपात. पोटात गेलंच तर उलटी काढायची नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही. डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जायचं.

आंबिलीसाठी मी आतापासून दिवस मोजतेय. आई, लेकरांची आंबील वेगळ्या छोट्या मडक्यात कर. एक वाटी ज्वारीचं पीठ, दोन वाट्या ताजं ताक, रात्री कालवून ठेवायचं. थंडी दहा-बारा अंशांवर असली तर ते नुसतं ठेवून आंबत नाही, चुलीच्या उबेला पोत्यात गुंडाळून ठेव. सकाळी चार वाट्या पाणी उकळायचं, कालवण पळीनं बारीक धार धरून सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. कोरडं पीठ गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या आत कच्च्या राहतात, लेकराचं पोट त्यानंच दुखतं. सात-आठ मिनिटं मंद आचेवर, कच्चा वास जाऊन पळीला थर बसेपर्यंत. पुरती निवल्यावरच वरचं ताक घालायचं, गरम असताना घातलं तर फाटतं. जिरं आणि इवलासा लसूण चालेल, मिरची-आलं मोठ्यांच्या मडक्यात. पितळी पातेल्याला कल्हई नसेल तर ताक त्यात अजिबात ठेवू नको, कळकतं.

येळवशीनंतर लेकरांना जुलाब होतात, आणि म्हणतात आंबील बाधली. आंबील नाही, ती दुपारी पातळ करायला घातलेलं विहिरीचं कच्चं पाणी बाधतं. घरून उकळून गार केलेलं वीस लिटर पाणी झाकणाच्या कॅनमध्ये न्यायचं आणि तेच वापरायचं. सोन्याला सकाळची एक वाटी आंबील बस. उन्हात ती आणखी आंबत जाते. जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट पाजत राहायचं. मीठ जास्त पडलं तर उलट अपाय होतो, म्हणून चमचा मोजूनच. मी ओआरएसच्या पुड्याही आणतेय.

भज्जीतले तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे आणि शेंगदाणे सोन्याला अख्खे नकोत. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, तो दाणा तसाच ढकलतो आणि हसता-रडता तो श्वासनळीत जातो. त्याच्यापुरती भज्जी मिरची घालण्याआधी काढ, घोटून, वरून तूप. चिंचेचा कोळ गाळून घे, एक चिंचोका पुरेसा असतो. बोराची आठोळी, उसाचं कांडं, हुळ्यातला हरभरा, हे सगळं दुसरी लेकरं प्रेमानं त्याच्या तोंडात घालतील. त्यांना मनू सांगेल, तिला हे काम दिलंय. घशात अडकून तो जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं, पाठ थोपटायची नाही, पाणी द्यायचं नाही. आवाज बंद झाला, खोकताही येईना, तर पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा, मग मागून धरून बेंबीच्या वर पाच झटके आत-वर, आणि पुन्हा थापा. हे आलटून-पालटून चालू ठेवायचं, तोवर दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. दिसत नसताना बोट घालायचं नाही, दाणा आणखी खाली जातो. आणि खोकला थांबून लेकरू खेळायला लागलं, पण श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतोय, तर दाणा आतच आहे. त्याच दिवशी दवाखाना.

दुपारी एक ते तीन सोन्याची झोप. कडुलिंबाला झोळी बांधा. फांदी हिरवी, मनगटाहून जाड. दादानं आधी स्वतः लोंबकळून बघावं. झोळीचं बूड जमिनीपासून हातभरच वर, म्हणजे पडला तरी लागणार नाही. तुझं जुनं सुती लुगडं घे, नायलॉनची साडी गाठीतून सुटते. ही झोप चुकली तर संध्याकाळी हेंडग्याचा पलिता पेटायच्या वेळी तो कुणालाच आवरणार नाही.

हेंडग्याच्या वेळी लेकरं वाऱ्याच्या वरच्या बाजूला, दहा पावलं लांब. गार पडलेलं असतं म्हणून आपण त्यांना शाल गुंडाळतो आणि शालीचे गोंडे लोंबत राहतात, ठिणगी तिथंच पडते. सुती बंडी, वर लोकरीचा अंगालगत स्वेटर, कानटोपी. ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत मनूला चर शिंपायला, म्हणजे रानभर आंबील शिंपडायला, अण्णांच्या बरोबर सकाळीच जाऊ द्या, तिच्या हातात लहान तांब्या द्या. पेटता हेंडगा तिनं लांबूनच बघायचा.

आता तुमच्या दोघांचं. अण्णा, पूजा होऊन पंगत बसेपर्यंत एक वाजतो. मधुमेहाची गोळी घेऊन तोवर उपाशी राहायचं नाही. सकाळी आठला एक धपाटं दह्याबरोबर खाऊनच वावरात निघा. खीर अर्धी वाटी घ्या, मी मोजणार नाही. आई, सोन्या आता साडेदहा किलोचा आहे. उभ्यानं वाकून त्याला उचलू नको. तू बाजेवर बस, तो तुझ्याकडे चालत येईल, कसा येतो ते बघायचंय मला. आणि पहाटे तीनला उठून एकटीनं उंडे थापायचे नाहीत. सजगुऱ्याचं, म्हणजे बाजरीचं पीठ २९ च्या रात्री मी आणि वहिनी चाळून ठेवतो, पाचला तिघी मिळून बसू. चूल ओट्यावर मांडा, तुझे गुडघे खाली बसून नाही चालायचे.

पुण्याहून दोरी आणू का, ते दादानं मंगळवारपर्यंत कळवावं. लातूरला मिळाली तर तिथलीच घ्या, पण शेततळ्याची लांबी आधी पावलांनी मोजून घ्या. मनूनं सोबत पाच दगडांचं चित्र पाठवलंय, मधला मोठा भीम आहे.

तुमची लेक