किती मिनिटं लागतात ते कळव

कर्वेनगर, पुणे
बुधवार, रात्रीचे साडेअकरा

चि. निनादास,
अनेक आशीर्वाद.

तुमचं सामान घेऊन टेम्पो दापोलीला गेल्यावर गॅलरीत गेले, तर ओवीची लाल सायकल तिथेच. बाबा म्हणाले, राहू दे, सुट्टीत आली की चालवेल. मग स्वतःच फडकं घेऊन पुसत बसले, चेनला तेलही घातलं. मी काही बोलले नाही.

रविवारी मात्र जास्त बोलले. "लेकराला जंगलात नेतोयस" हे म्हणायला नको होतं, गौरीसमोर तर नकोच. तिने अर्धी पोळी पानात टाकली. ती कधी पानात टाकत नाही. तिला एवढं सांग की तिला विद्यापीठात नोकरी लागल्याचं मी सोसायटीत सगळ्यांना सांगून आले होते. खालच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा. दापोलीचं ते कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं तेव्हा मी शाळेत होते. आपल्यापैकी कोणी तिथे शिकवेल असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसतं.

फोनवर माझं भाषण होतं, म्हणून लिहायला बसलेय.

शहर सोडायचं तू म्हणतोस ते मला पटत नाही असं नाही. हिंजवडीहून तू यायचास तेव्हा ओवी झोपलेली असायची, आणि रविवारी ती तुला पाहुण्यासारखी लाजायची. पाण्याचं म्हणशील तर २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला गुलियन बारी या नसांच्या आजाराचे पेशंट निघायला लागले तेव्हा मीच तुला दिवसातून तीनदा फोन करत होते, पाणी उकळलंस का म्हणून. शहरात सगळं सुरक्षित असतं हे मी कुठल्या तोंडाने सांगू? शाळेचीही मला काळजी नाही. साने गुरुजी दापोलीच्याच शाळेत शिकले, आणि तुझ्या इथल्या शाळेच्या फीमध्ये तिकडे घरभाडं निघेल.

पण आपण ज्या कर्वेनगरात राहतो ते कर्वे मूळचे मुरुडचे, दापोलीपासून हाकेवर. सहावीच्या परीक्षेला मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. टिळकांचं मूळ गाव चिखलगाव, तेही त्याच तालुक्यातलं. माणसं तिकडून इकडे आली रे. मीही आले. आणि तू उलटा निघालास. बाबा म्हणतात, कोणीतरी परत जायलाच हवं. त्यांना काय, त्यांचं बालपण नारायण पेठेत गेलं.

रात्रीचं काय, एवढंच मला विचारायचंय. दिवसा सगळीकडे सगळं असतं.

मी ट्रंक एक्स्चेंजला, बाहेरगावचे फोन जोडून द्यायला, होते हे तुला माहीत आहे, पण रात्रपाळीत काय असायचं ते मी कधी सांगितलं नाही. साधा कॉल, अर्जंट, आणि त्याच्याही वर लाइटनिंग, त्याला आठपट पैसे. रात्री दोन वाजता महाड, खेड, दापोली या बाजूने लाइटनिंग आला की समजायचं. लग्न ठरल्याचं सांगायला कोणी आठपट पैसे मोजत नाही. आम्ही ऐकायचं नाही असा नियम होता, पण लाइन नीट लागली का ते बघायला कान द्यावाच लागायचा. "पुण्याला हलवायचंय," "गाडी मिळत नाही," "नदीला पाणी आलंय." आणि तीन मिनिटं झाली की मीच मध्ये बोलायचे, "थ्री मिनिट्स." एकदा पलीकडचा बाप नुसताच रडत होता. मी बोललेच नाही. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने झापलं.

तेव्हा तू सहा महिन्यांचा. बाबांजवळ तुला ठेवून मी दुसऱ्यांच्या आजारपणाच्या लाइनी जोडत बसायचे. तुला कांजिण्या आल्या त्या रात्रीही मी ड्युटीवरच होते. त्यामुळे मी कोण तुला सांगणार.

तरी सांगते. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात दरड येते, वरंध्याचं तर पावसात नावच नको. म्हणजे रात्री काही झालं तर पुणं विसरायचं. मग जवळ काय आहे? उपजिल्हा रुग्णालय आहे, मान्य. १०८ आहे, तीही मान्य. पण मुलांचे डॉक्टर रात्री कुठे राहतात, दवाखान्याजवळ की दूर, ते तू बघितलंस का? घर बघायला गेलात तेव्हा विहीर बघितली, आंब्याची कलमं मोजली, इंटरनेट चालतं का ते बघितलं. हे बघितलंत का?

बघ, आलेच परत तिथे.

माझ्या भावाचं, बाळूचं, तुला अर्धंच माहीत आहे. आसूदच्या घरी पडवीत जांभ्याच्या भिंतीला लागून आम्ही झोपायचो. मी दहा वर्षांची, तो सहाचा. इंगळी, म्हणजे विंचू, चावली तेव्हा तो ओरडला, मग थोड्या वेळाने गप्प झाला. आजी म्हणाली, बरं वाटतंय. मी त्याचा हात धरला होता. अंग घामाने निथळत होतं, परकर भिजला माझा, आणि बोटं मात्र गार, आडातून काढलेल्या कळशीसारखी. अण्णा गाडी जुंपायला गेले. दापोली काही लांब नाही रे तिथून. बैलगाडीला लांब होती.

नंतर कितीतरी वर्षांनी महाडच्या डॉ. बावस्करांबद्दल वाचलं. इंगळीच्या विषाने हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, आणि त्यावर त्यांनी रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, वापरून बघितली. तिने कोकणात असे मृत्यू एकदम कमी झाले. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नाही, महाडात बसून त्यांनी ते केलं. २०२२ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाचं कात्रण माझ्या पोथीत आहे. तू म्हणशील, मग झालं की, आई. झालंच. मला कळतं. पण पडवी म्हटलं की मला घाम आठवतो, गोळी नाही आठवत.

ओवीची कॉट भिंतीपासून हातभर लांब ठेव. मच्छरदाणी गादीखाली खोचायची, नुसती सोडायची नाही. बूट, चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, हे तिला खेळासारखं शिकव, भीती घालून नको. लाकडं घरात रचू नका. चार्जिंगची बॅटरी उशाशी. आणि गौरीला म्हणावं, सासू शिकवते म्हणून रागावू नकोस, मला दुसरं काही शिकवता येत नाही. भाजी तिलाच माझ्यापेक्षा चांगली जमते.

निळ्या पिशवीत मेतकूट, भाजणी आणि डिंकाचे लाडू आहेत. लाडू आधी संपवा, दमट हवेत बुरशी धरतात. ओवीचा जावळाचा फोटो मी काढून ठेवलाय, शोधू नका.

आसूदला केशवराजाच्या देवळात जाल तेव्हा गोमुखाचं पाणी तिला प्यायला दे. सुपारीच्या बागेतून पायऱ्या चढताना ती दमेल, तरी उचलू नकोस. आम्ही दोघंही चढायचो.

बाबा विचारतायत, दिवा कधी मालवणार.

तुझी,
आई

ता. क. एवढंच कर. एखाद्या रात्री, बारानंतर, गिम्हवण्याच्या तुमच्या घरून दवाखान्यापर्यंत गाडीने जाऊन ये. पाऊस असेल तेव्हा. किती मिनिटं लागली ते मला कळव. ओवीला नेऊ नकोस, झोपू दे.