अभ्यासिकेतल्या काकांना, पाठकोऱ्या कागदाबद्दल

काका, सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत उठून पंखे बंद करायला लागला असतात. म्हणून हे जाहीर पत्र. आम्ही मानसशास्त्र शिकवणारी माणसं. आमच्याकडे येणारी स्पर्धा परीक्षेची काही मुलं सदाशिव पेठेत तुमच्या अभ्यासिकेत बसतात, एवढीच आपली ओळख.

खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलाला अभ्यासिकेत एरवी काय मिळतं? टेबलावर टकटक, नाहीतर "पैसे भरून तंद्री लावायला येतोस का रे?" तुम्ही त्याच्यापुढे एक पाठकोरा कागद आणि पेन्सिल ठेवलीत. "बघून झालं की लिही. काय दिसलं ते वर, मध्ये काय आडवं येतं ते खाली." एवढं बोलून तुम्ही हजेरीच्या सह्या घ्यायला पुढच्या रांगेकडे गेलात.

त्या मुलाने कागद आम्हाला दाखवला. वर लिहिलं होतं : यादीत नाव, आई शेजारच्या काकूंना फोन करून सांगतेय. खाली : सीसॅटचे (पूर्व परीक्षेतल्या कल चाचणीच्या पेपरचे) उतारे. तिसऱ्या उताऱ्याला घड्याळ बघतो, मग तीच ओळ चार वेळा वाचतो.

काका, हे 'खाली' फार मोलाचं आहे. याआधी याच मुलांनी यशाचे मंत्र देणाऱ्या व्याख्यानांना चांगले पैसे मोजले. तिथे दिवे मंद करून डोळे मिटायला लावतात आणि लाल दिव्याच्या गाडीतून गावात शिरताना स्वतःला बघा म्हणतात. साहेबलोकांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले, व्याख्यानांतून अजून उतरलेले नाहीत! आणि मुलं मनातले मांडे खाऊन घरी येतात.

या मांड्यांनी पोट भरतं, हीच तर अडचण. गाब्रिएले ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ तीन दशकांहून जास्त काळ हाच विषय तपासत आल्या आहेत. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांपैकी जे नोकरी मिळाल्याच्या गोड कल्पनांत जास्त रमले, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. पुढच्या प्रयोगांत दिसलं की निव्वळ गोड चित्र रंगवल्यावर अंगातली उभारीच उतरते, वरचा रक्तदाबसुद्धा खाली येतो. काम पुरं झाल्यासारखं शरीर सैलावतं. मिळेल असा विश्वास असणं वेगळं, तो कामाला लावतो. मिळालंच आहे असं बघत बसणं वेगळं.

म्हणून दिवास्वप्न वाईट म्हणायचं का? मुळीच नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात फाम आणि टेलर यांनी १९९९ साली विद्यार्थ्यांना परीक्षेआधी रोज पाच मिनिटं कल्पना करायला लावली. चांगला ग्रेड मिळालाय एवढंच पाहणाऱ्यांचा अभ्यास उलट कमी झाला. आपण कुठे बसलोय, कोणतं प्रकरण उघडलंय, टीव्ही बंद केलाय असं पाहणाऱ्यांनी जास्त अभ्यास केला आणि त्यांना गुणही जास्त पडले. दोघांची मिनिटं तेवढीच होती.

तुमच्या कागदावरचा क्रमही बरोबर आहे, ओटिंगनही असाच सांगतात, तो बदलू नका. आधी इच्छा, महिना-दीड महिन्यात जमेल एवढीच. मग ती पुरी झाल्याचं चित्र, दोन-तीन मिनिटं, घाई न करता. त्यानंतरच अडथळा. अडथळा आधी आणि चित्र नंतर असं केलं की परिणाम होत नाही, कारण चित्राच्या वाटेत अडथळा उभा असल्याचं मनाला दिसतच नाही. आणि अडथळा स्वतःच्या आतला हवा. "सरांनी भराभर शिकवलं" असं कोणी लिहिलं तर तुम्ही "मग तू काय करतोस?" विचारता म्हणे. शंभर टक्के योग्य.

आम्ही त्यात फक्त शेवटची ओळ घातली, 'जर-तर'ची. पेटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांची पद्धत आहे ही. त्या मुलाची ओळ अशी : "उतारा एकदा वाचून कळला नाही, तर प्रश्नांच्या क्रमांकांना गोल करून पुढच्या उताऱ्यावर जाईन." सीसॅटला १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. निर्णय त्या दीड मिनिटात घ्यायचा नसतो, तो आधीच घेतलेला असावा लागतो. "जर कंटाळा आला तर नीट अभ्यास करीन" ही ओळ चालत नाही, कारण कंटाळा नेमका कधी आला आणि नीट म्हणजे काय, हे मेंदूला कळत नाही. एका कागदावर एकच जर-तर. पाच लिहिले की एकही आठवत नाही.

फोन चाळत बसणं मात्र दिवास्वप्नात धरू नका, तिथे दुसऱ्याची चित्रं धावत असतात. खिडकी, जिना, डबा धुवायचा नळ, या जागा मुलांना मोकळ्या ठेवल्यात, तेही छान केलंत. हलकं काम करताना मन भरकटलं की आधी विचार केलेल्या प्रश्नाला नव्या कल्पना जास्त सुचतात, असं २०१२ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. नंतर इतरांना तोच निकाल मिळाला नाही, तेव्हा त्यावर आम्ही फार भर देत नाही. नळावर मुलं हसतात-बोलतात, तेवढं पुरे.

एक गोष्ट तुम्हाला लागून राहिली आहे असं ऐकलं. कोपऱ्यातल्या टेबलावरची मुलगी कागद भरून झाल्यावर आठवडाभराने जागा सोडून गावी गेली आणि आपण तिला नाउमेद केलं असं तुम्हाला वाटतं. नाही हो काका. अडथळा पार होण्यासारखा असेल तर या पद्धतीने जोर वाढतो, आणि नसेल तर माणूस हात सोडवून घेतो. दोन्ही या पद्धतीचीच कामं आहेत. त्या मुलीने खाली लिहिलं होतं, "मला हे नकोच आहे, बाबांना हवंय." तिने बी.एड.चा अर्ज भरलाय. पेढे द्यायला ती तुमच्याकडे येणार आहे, नको म्हणू नका.

तुमचे,
मानसशास्त्र शिकवणारे आम्ही काहीजण