वंदे, पॅरिसच्या शातले मेट्रो स्टेशनची गोष्ट घरी फुटली

ठाणे, 11 एप्रिल

प्रिय वंदे,

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. माझं बीपी गोळीवर ठीक, मंदारची पाठ जागेवर. झालं.

ईरा मे महिन्यात पॅरिसला चाललीय, शाळेत फ्रेंच शिकणाऱ्या मुलांबरोबर. चौदा पोरं, दोन बाई. काल जेवताना सहज विचारते, "आई, मेट्रोत चुकामूक झाली तर काय करायचं गं?" माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. हसू नकोस. मंदारसमोर शातलेला आपली झालेली चुकामूक सांगावी लागली.

तू अजूनही म्हणशील की मी नकाशा उलटा धरून उभी होते. मी म्हणते, तू 'चल' न म्हणता चढलीस. दार लागलं, काचेमागे तुझं तोंड आणि तुझ्याच खांद्यावर आपली भाकरवडीची पिशवी! मग तू पुढच्या लूव्र-रिव्होली स्टेशनला उतरून मला घ्यायला उलटी आलीस आणि मी तुला गाठायला पुढे गेले. बोगद्यात एकमेकींच्या शेजारून गेलो असणार. तेही दोनदा! त्या फलाटावर कोनाड्यांत लूव्र म्युझियममधल्या मूर्तींच्या प्रतिकृती आहेत ना, त्यातली एक आपल्या इतिहासाच्या बाईंसारखी माझ्याकडे बघत होती. तासभर. 2004 साली आपल्या दोघींत एक फोन, तोही तुझ्या पर्समध्ये आणि बंद. वर येते तर तिकीट तपासनीस. तिकीट मी केव्हाच चुरगाळून टाकलेलं! दंड तुझ्या रात्रीच्या जेवणाच्या पैशांतून भरला, हे आज कबूल करते.

तर ईराला नियम लिहून दिलाय : गाडीत पुढे गेली तिने पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच थांबायचं, मागे राहिली तिने पुढची गाडी पकडून यायचं. म्हणजे त्या दिवशी मी बरोबर होते. वाद मिटला.

आता ती 1 नंबरची लाइन ड्रायव्हरशिवाय चालते, फलाटालाही दारं बसवलीत. तरी भोंगा वाजला की धावायचं नाही आणि दाराशी उभं राहून फोन बघायचा नाही. दार लागता लागता फोन हिसकावून पळतात. यावर बाईसाहेब म्हणतात, "गूगल मॅप्स आहे ना!" अगं, फोनच गेला तर? हॉटेलचा पत्ता, बाईंचा नंबर आणि 112 कागदावर लिहून पासपोर्टच्या पाऊचमध्ये घातलंय. मेट्रोच्या तिकिटाचं नाव्हिगो कार्डही प्रत्येकीचं वेगळं हवं. एकाच कार्डावर दोघींना एकदम जाता येत नाही. तिला आणि सईला दोन युरो वाचवायचे होते.

शाळेच्या कागदावर लूव्र कधी होतं सांगू? मंगळवारी! मंगळवारी लूव्र बंद. मी बाईंना फोन केला, ईरा दोन तास बोलली नाही. अठराच्या आतल्यांना तिथे फुकट, पण वेळ आधी बुक करावी लागते. आपण किती मोजले होते गं? माँमार्त्रच्या टेकडीवर मनगट धरून दोरा बांधून पैसे मागणाऱ्यांचं सांगितलं, तर म्हणते, "म्हणजे पंढरपूरला गंध लावतात तसं?" तसंच. हात खिशात ठेव म्हटलं. आणि दुकानात शिरताना आधी 'बाँजूर', मग बाकीचं. तू न म्हणता क्रोसाँ मागितलास तेव्हा ती बाई कशी बघत होती!

खरं सांगू, चोरांची मला फार धास्ती नाही. मी तिला रोज रात्री फोन करायला सांगितलंय. तिचे दहा म्हणजे आपला दीड, जागीन मी. पण मग आठवलं, त्या रात्री बूथवरून मी आईला काय सांगितलं? "लूव्र पाहिलं, मस्त होतं." त्या दिवशी लूव्रचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं! शेजारी तू नाक पुसत होतीस, हसायचं की रडायचं कळत नव्हतं. आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता ईराने 'मस्त होतं' म्हटलं की मी काय समजायचं? मंदार म्हणतो, झोप. त्याला काय होतंय म्हणायला.

तुझी बदली झाली का? काकूंचा गुडघा? निखिलच्या बारावीचं काय झालं? सगळं सविस्तर लिही, मी लिहीत नाही म्हणून तू लिहायचं नाही असं नाही.

रविवारी ईरा तुला फोन करणार आहे. तिला तुझी बाजू ऐकायचीय, माझ्यावर विश्वास नाही. नकाशा तुझ्याकडे असेल तर फोटो पाठव. दंडाचं मात्र बोलू नकोस, तेवढं सांगितलेलं नाही.

तुझी,
शमा