मापाड्याची नात

प्रिय मनू,

डॉक्टर म्हणून मदतीला निघालेय असं सांगून रविवारी तू फोन ठेवलास, तेव्हापासून माझंच वाक्य माझ्या कानात वाजतंय. "तू काय स्वतःला क्लेमेंटे समजतेस का?" असं मी म्हणायला नको होतं. त्यावर तू म्हणालीस, "आई, क्लेमेंटे मला सांगितला कोणी?" खरं आहे. तो बेसबॉलचा खेळाडू तुला मीच सांगितला.

बाबा उद्या पहाटे गाडीने तुझ्याकडे निघतायत, त्यांच्याजवळ हे पत्र देतेय. विमानाचा विषय यात काढायचा नाही असं ठरवून बसलेय.

तू नऊ वर्षांची होतीस. सॉफ्टबॉलच्या टीमने तुला राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या उजव्या बाजूला, उभं केलं आणि तू रडत घरी आलीस. "तिकडे चेंडू येतच नाही गं, ज्यांना खेळता येत नाही त्यांना तिकडे ठेवतात." मला त्यातलं काही कळत नव्हतं. पिट्सबर्गला येऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, पण बेसबॉल म्हणजे माझ्यासाठी शेजारच्या ओट्यावरून येणारा रेडिओचा आवाज. रेडिओवाले आजोबाच मग ओट्यावरून उठून आले आणि तुला म्हणाले, राइट फील्ड? पोरी, या गावात ती क्लेमेंटेची जागा आहे. त्या संध्याकाळी ते जे बोलले त्यातलं निम्मं तुला समजलं, निम्मं मला. उरलेलं आपण दोघींनी लायब्ररीतून आणून वाचलं.

तुला आकडे आवडायचे. रोबेर्तो क्लेमेंटे, जन्म १९३४, पोर्तो रिकोतलं कारोलिना. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम, सात भावंडांत हा धाकटा. १९५५ ते १९७२, अठरा वर्षं एकाच संघात, आपल्या पिट्सबर्गच्या पायरेट्समध्ये. चार वेळा फलंदाजीत पहिला, बारा वेळा क्षेत्ररक्षणाचं बक्षीस, गोल्ड ग्लव्ह. राइट फील्डमधून तिसऱ्या बेसपर्यंतचा फेक सगळ्यात लांब, म्हणून तिथे दणकट हाताचा माणूस लागतो हे तू मला स्वयंपाकघरात लाटणं हातात घेऊन समजावलंस. शाळेत असताना तो भालाफेक करायचा हे कळल्यावर तू अंगणातली कपड्यांची काठी फेकून पाहिलीस आणि शेजाऱ्यांची कुंडी फुटली. ग्लव्हला माझं खोबरेल चोळून, आत चेंडू ठेवून, दोरीने करकचून बांधून गादीखाली घालून झोपायचीस. त्या उशीच्या अभ्र्याला अजून तो वास येतो असं मला वाटतं. बाबा म्हणतात, माझा भास आहे.

पण मला त्याच्यातलं वेगळंच काहीतरी लागलं होतं. वर्तमानपत्रवाले त्याला 'बॉब' लिहायचे. पत्त्यांवर, म्हणजे त्या खेळाडूंच्या कार्डांवरही कित्येक वर्षं 'बॉब क्लेमेंटे' छापलं. तो सांगत राहिला, माझं नाव रोबेर्तो. त्याचं इंग्रजी जसं कानावर पडेल तसं तोडून-मोडून छापायचे, लोकांनी हसावं म्हणून. मी तेव्हा दुकानात दोन वाक्यं बोलायच्या आधी मनात चार वेळा घोकायची. आणि तुझ्या शाळेत एका बाईंनी पहिल्याच दिवशी मृण्मयीची 'मिया' केली होती. आठवतं, तू वहीवर देवनागरीत नाव लिहून ती वही बाईंच्या टेबलावर ठेवलीस? ते मी नाही शिकवलं. त्याच्या पाठीवरचा २१ आकडासुद्धा नावातूनच आला होता. रोबेर्तो क्लेमेंटे वॉकर, आईचं आडनाव धरून, रोमन लिपीत मोजली तर २१ अक्षरं.

आणि १९७१ ची वर्ल्ड सिरीज, बेसबॉलची अंतिम मालिका. सातही सामन्यांत हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठलेला, फलंदाजीची सरासरी .४१४, मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. जिंकल्यावर टीव्हीवाल्यांनी माइक पुढे केला, तर इंग्रजीत बोलायच्या आधी त्याने स्पॅनिशमध्ये आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. सगळी अमेरिका बघत असताना. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तुला म्हटलं, कांदा चिरत होते. कांदा नव्हता. रविवारी तू माझा आशीर्वाद मागितला नाहीस. भांडणात राहून गेलं. न मागता देतेय.

हे सगळं सांगितलं ते बरोबर केलं. शेवटही सांगितला, तो मात्र अर्धाच.

२३ डिसेंबर १९७२, मध्यरात्र उलटल्यावर निकाराग्वात मानाग्वाला भूकंप झाला. महिनाभरापूर्वीच तो तिथे पोर्तो रिकोचा हौशी संघ घेऊन गेला होता, माणसं ओळखीची झाली होती. नाताळ सोडून तो मदत गोळा करायला लागला. पाठवलेलं सामान तिथला हुकूमशहा सोमोसा याचे सैनिक मधेच अडवतात असं कानावर आलं, तेव्हा म्हणाला, मी स्वतः बरोबर जातो. ३१ डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून विमान उडालं आणि लगेच समुद्रात पडलं. आत पाच जण. त्याचं शरीर सापडलं नाही. संघातला त्याचा दोस्त सांगिलेन त्याच्यासाठीची प्रार्थनासभा सोडून पाणबुड्यांबरोबर समुद्रात शोधत राहिला. इथवर तुला माहीत आहे.

त्या विमानाचं तुला कधी सांगितलं नाही. जुनं डीसी-७. त्याच महिन्यात त्याला जमिनीवरच अपघात झाला होता, इंजिनला मार लागला होता. आणि त्या रात्री त्यात ठरल्यापेक्षा सुमारे ४,२०० पौंड जास्त भरले होते. मी हिशेब केला, १९ क्विंटल. तुझे आजोबा लातूरच्या आडतीवर तीस वर्षं मापाडी होते. तुरीचं पोतं पाठीवर घेतलेला हमाल समोर वाकून उभा असला तरी काटा थांबल्याशिवाय ते आकडा बोलायचे नाहीत. "काट्याकडे बघावं, माणसाच्या तोंडाकडे बघू नये," म्हणायचे. १९ क्विंटल, मनू. आणि बघायला काट्याजवळ कोणी नाही. तीन लहान मुलं होती त्याची.

बघ, विमानाचं काढायचं नव्हतं.

तुला किल्लारी आठवणार नाही, तीन वर्षांची होतीस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून थकून झोपलेली माणसं. आम्हाला इथे टीव्हीवर कळलं आणि दोन दिवस लातूरला फोन लागेना. क्लेमेंटेने तीन हजारावा हिट मारला तीही ३० सप्टेंबर, १९७२ सालची. तोच त्याचा नेहमीच्या हंगामातला शेवटचा हिट. बरोबर ३,०००, ना एक कमी ना एक जास्त. रेडिओवाले आजोबा ती तारीख दरवर्षी आनंदाने सांगायचे आणि मी आत निघून यायची.

मामा तेव्हा ट्रकमध्ये भाकरी आणि पाण्याचे पिंप घालून गेला. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, दरवर्षी थरावर थर माती घालून जड झालेलं. ज्या छपराने उन्हाळ्यात गार ठेवलं त्याच्याच वजनाखाली माणसं गेली. मामाने हाताने दगड उपसले. घरी आला तो धडधाकट आला, पण वर्षभर छपराखाली झोपला नाही, अंगणात बाज टाकायचा. त्याने काय पाहिलं ते आम्ही विचारलं नाही. तूही परत आल्यावर मी विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग.

तेव्हा मला वाटायचं, आपण तिथे असतो तर गेलो असतो. आता माझी मुलगी हाडांची डॉक्टर होऊन निघालीय आणि मी तिला फोनवर टोचून बोलते. आपल्या मागून येणाऱ्यांचं काही बरं करता येत असेल आणि ते केलं नाही तर पृथ्वीवरचा वेळ वाया घालवला, अशा अर्थाचं तो म्हणाला होता, ते तू आठवीत कार्डावर लिहून फ्रिजला लावलंस. अजून आहे. सहाव्या रस्त्याच्या पुलाला १९९८ मध्ये त्याचं नाव दिलं, त्यावरून चालताना मी प्रत्येक वेळी ओळखीच्यांना सांगते, आमच्या मृण्मयीचा खेळाडू. आता लोकांना सांगेन की ती कुठे गेलीय. सांगताना माझा आवाज नीट राहील असं नाही.

एवढंच कर. मोठ्या विमानाचं मला काही वाटत नाही. पुढच्या त्या लहान मालवाहू विमानात चढायच्या आधी विचार, वजन कोणी केलं. नुसतं "हो, झालंय" म्हणाले तर आकडा विचार. कागदावर सही कोणाची आहे, वैमानिक किती तास झोपलाय, औषधांची खोकी शेवटच्या घडीला कोणी वर टाकली का. लाजू नको. सगळे घाईत असतील, खाली लोक वाट बघत असतील, आणि विचारणारी तू एकटीच असशील. आकडा पटला नाही तर खोकी उतरव, नाहीतर तू उतर. दुसऱ्या फेरीने जा. एक दिवस उशिरा पोचलेली डॉक्टरसुद्धा हाड बसवतेच.

मी पुन्हा शाळा घ्यायला लागले. चौतीस वर्षांच्या बाईला शिकवतेय. माफ कर. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, तुमची टीम अनुभवी आहे, बाबांनी मला तीनदा सांगितलंय. तरी विचार.

तुला आठवतं, ऑक्टोबरात आपण पायरेट्सच्या जुन्या मैदानाच्या, फोर्ब्स फील्डच्या, उरलेल्या भिंतीपाशी गेलो होतो? १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमून १९६० च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सातव्या सामन्याचं जुनं समालोचन ऐकतात. सगळे मॅझरोस्कीच्या शेवटच्या होमरनची वाट बघत होते. तू मात्र आठव्या डावाला माझा हात धरलास. क्लेमेंटेचा साधा घरंगळता चेंडू, बाद व्हायचाच, पण तो पहिल्या बेसकडे जीव तोडून पळाला आणि पोचला. त्यानंतरच्या होमरनने तीन धावा आल्या, त्यातली एक त्याची. तू म्हणालीस, "आई, हा कोणाच्या लक्षात नाही राहत." माझ्या राहिलाय.

पोचलीस की एक शब्द पाठव. 'पोचले' एवढाच. रेंज नसेल तर जेव्हा येईल तेव्हा. रात्र असली तरी चालेल, मी जागीच असेन.

बाबांजवळ मेतकूट दिलंय, तुझ्या निळ्या डब्यात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यासकट मोजलं, ६४० ग्रॅम. तुझ्या सामानाच्या यादीत तेवढं लिही, आणि जास्त होत असेल तर काढून ठेव, मला वाईट वाटणार नाही.

तुझी,
आई