तात्यांचा तंबोरा

मिरज, मंगळवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी रात्री तुझ्या तात्यांचा तंबोरा गाण्याच्या बैठकीत वाजला. फोनवर सांगणार होतो, पण फोनवर ते दोन वाक्यांत आटोपलं असतं, म्हणून लिहायला बसलो.

२०१९ साली घर आवरताना तू तो माझ्या ओसरीवर आणून ठेवलास आणि म्हणालास, "कुणी गिऱ्हाईक आलं तर देऊन टाक." सामान हलवताना भोपळ्याला चीर गेली होती, आणि तात्या जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी गिऱ्हाईक शोधलंच नाही. तुला इतकी वर्षं बोललो नाही, आज सांगतो. या उन्हाळ्यात तो सतारमेकर गल्लीत नेला. कारागिराने भोपळ्यावर दोन-तीन टिचक्या मारल्या, कान लावला आणि विचारलं, "हा घरातला आहे का?" मी हो म्हटलं. "मग घाई करू नका." दोन महिने घेतले त्याने. चीर आतून सांधली, खुंट्या बदलल्या, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, मात्र जुनीच ठेवून तिची जवारी, म्हणजे तारेला गुंजवणारा घासलेला उतार, नव्याने काढली. या लोकांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. त्या बोटांतली नजर अजून तशीच आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते, पण कारागीर त्याच पाटावर तसाच मान खाली घालून कानस चालवत बसलेला मी पाहिला.

बैठक त्याच गल्लीतल्या एका माडीवर होती. जिन्यावर चपलांचा ढीग, आत सतरंज्या, माणसं फार तर पन्नास. माइक नाही. बुवा काळी एकच्या पट्टीत गाणारे, किराणा घराण्याच्या तालमीतले. त्यांच्या मागे बसणारा एक शिष्य तापाने येऊ शकला नाही, आणि मी आपला तंबोरा घेऊन दारात उभा! मला म्हणाले, "छेडता येतो ना? मग तुम्हीच बसा."

तर संपूर्ण मैफल मी गवयाच्या पाठीमागून ऐकली. तू कधी तिथे बसला आहेस का? समोरून आपल्याला सूर ऐकू येतो. मागून आधी श्वास दिसतो. खांदे किंचित उचलतात, मानेची शीर सैल होते, आणि मग षड्ज येतो. बिहाग रागाच्या विलंबितात ते गंधारावर येऊन थांबले, तेव्हा माझ्या हातातल्या भोपळ्यातूनही तोच गंधार उमटत होता. आपण तो छेडत नाही, खर्जाच्या तारेतून आपोआप निघतो. तात्या त्याला स्वयंभू गंधार म्हणायचे आणि आपण दोघं "कुठे आहे?" म्हणून हसायचो. अरे, तो आहे. मांडीला भोपळा टेकलेला असला की कानाच्या आधी मांडीला कळतो.

मला वाटतं, माइकने गाण्याचं हेच नेलंय. मोठ्या मंडपात तंबोरा म्हणजे मागे चाललेली नुसती भुणभुण होते. तिथे तबल्याची चाट टाचणीसारखी टोचते आणि गवय्याला आपलाच आवाज दुसरीकडून ऐकावा लागतो. परवा बुवा इतकं हळू गायले की शेवटच्या रांगेतली माणसं पुढे झुकून बसली होती, आणि तरी एकही स्वर हरवला नाही.

बिहागानंतर चहा आणि भडंग झालं. मग मालकंस राग धरायचा, त्यात पंचम नसतो, म्हणून पंचमाच्या तारा मध्यमावर उतरवायच्या होत्या. दुसरा तंबोरा लगेच लागला. आपला काही केल्या बोलेना. मध्यम लागे, पण कोरडा. मी मणी सरकवला, खुंटी पिळली, घाम फुटला. पाच मिनिटं गेली, सात गेली. कुणी चुळबुळ केली नाही. मग मागच्या भिंतीला टेकून बसलेला तो कारागीर उठला, माणसांतून वाट काढत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला. नखाने घोडीवरचा सुताचा दोरा केसभर पुढे सारला. तार छेडली. पुन्हा केसभर मागे. आणि जवारी एकदम खुलली, रे! सगळी माडी त्या एका मध्यमाने भरली. बुवांनी वळून पाहिलं, कारागिराला हात जोडले, आणि तोंडातून शब्द न काढता तिथूनच आलाप सुरू केला.

तो मालकंस मी वर्णन करून सांगू शकणार नाही. मधल्या बोटाने मध्यम, तर्जनीने जोडीच्या दोन तारा आणि खर्ज, एवढंच करत राहिलो. पाऊण तासाने बोटाला फोड आली हे भैरवी संपल्यावर कळलं.

मला सारखे तात्या दिसत होते. अर्धा तास तंबोरा लावायचे आणि पंधरा मिनिटं गायचे. आपल्याला वाटायचं, काय हा वेळेचा नाश. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला चिंचेखाली किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने रात्रभर गाणं चालायचं, तिथेही ते आपल्याला ओढत नेऊन पुढे बसवायचे आणि म्हणायचे, "आधी तंबोरे लागताना ऐका." आपण तेव्हा झोपायचो. खाँसाहेब १९३७ साली गेले, तात्यांनी त्यांना पाहिलेलंही नव्हतं, तरी मजारीपाशी गेले की चप्पल काढायच्या आधीच त्यांचा आवाज खाली यायचा.

निघताना बुवांनी विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हटलं, "मित्राचा." तुझं नाव सांगितलं, तात्यांचंही सांगितलं. त्यांनी दांडीवरून एकदा हात फिरवला.

सध्या तो माझ्या आतल्या खोलीत कोपऱ्यात, तारा उतरवून ठेवलाय. जुनी गवसणी उसवली होती, नवी शिवायला टाकायची आहे. तात्यांची होती तशी जाड हिरवी हवी की दुसरी, ते कळव. आणि उरुसाला किती दिवसांची रजा मिळते तेही लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिरजकर मित्र