यादीतून नाव मीच काढलं

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं, पण बाबा नुसतं “बरं” म्हणाले असते. त्या “बरं”चा अर्थ मला चांगला कळतो, म्हणून लिहितेय. बाबा, मासेमारीच्या सहलीतून तुमचं नाव मी काढलंय. मी आणि दादा दोघंच जातोय. पैसे भरून झालेत, तेव्हा आता वाद नको.

आधी कारणं ऐका, मग रुसा. बार्सेलोस हे गाव ब्राझीलमध्ये रिओ निग्रो नदीच्या काठी, मनाउस शहरापासून सुमारे ४०० किलोमीटर वर. तिथून बोट आणखी आत जाणार. छातीत पुन्हा तसं झालं तर तिथून मोठं हॉस्पिटल गाठायला किती वेळ लागेल, हा हिशेब मी तीन रात्री करत होते. दुसरं, पिवळ्या तापाची लस. साठीच्या पुढे तिचा गंभीर त्रास व्हायचा धोका वाढतो. आणि तिचा दाखला नसला तर तिकडून भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. तुमच्या डॉक्टरांना मी विचारलं. हो, तुम्हाला न सांगता. तुम्ही सोबत असता तर गप्पा मारून त्यांच्याकडून “जा” वदवून घेतलं असतंत, मागच्या वेळेसारखं.

“मग तुला तरी कशाला जायचंय?” हे आई, तू विचारणारच. तिथं पावसाळ्यात नदी जंगलात शिरते. झाडं निम्मी पाण्यात असतात आणि मासे त्या झाडांमध्ये पांगतात. साधारण सप्टेंबरनंतर पाणी उतरतं, तेव्हा ते तळ्यांत आणि अरुंद ओढ्यांत गोळा होतात. तेवढेच चार-पाच महिने. दोनदा पुढे ढकललंय, दादाला रजाही आत्ताच मिळतेय. ही सगळी कारणं खरी आहेत, पण सगळ्यात खरं हे की मला जायचंय.

आई, डासांचं म्हणशील तर रिओ निग्रोवर ते फार कमी. कुजलेल्या पानांमुळे पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, आम्लही असतं, त्यात डासांच्या अळ्या नीट वाढत नाहीत. झोपायला मोठ्या बोटीवर खोली आहे, पंखा नाही तर एसी, प्यायला बंद बाटलीतलं पाणी. गळ टाकायला लहान होडीतून जायचं, पण वाटाड्या कायम सोबत आणि लाइफ जॅकेट अंगावर. पाण्यात उतरायचं झालंच तर पाय घासत चालायचं, म्हणजे तळाशी बसलेला काटेवाला पाकट मासा दूर सरकतो. दादाला मी हे आत्तापासून घोकवून घेतेय. तो दोन पावलांनी विसरेल.

बाबा, मासा म्हणजे तुकुनारे. शेपटीवर डोळ्यासारखा काळा ठिपका, भोवती सोनेरी कडं. २०१० मध्ये रिओ निग्रोच्याच खोऱ्यात १३ किलोच्या वरचा सापडला होता. तो आमिष हळूच चाखून बघत नाही, पाणी फोडून थेट हल्ला करतो. म्हणून पन्नास-साठ पौंडांचा ताण सोसणारा विणलेला दोरा लागतो. गळाचं उलटं टोक चिमट्याने दाबून सपाट करायचं, मासा पाण्यातच मोजायचा आणि सोडून द्यायचा. सोडताना घाई नाही करायची, दमलेला मासा गुलाबी डॉल्फिन मटकावतात. आणि पिल्लांना नर-मादी दोघंही राखतात म्हणे, पिल्लांचा थवा पुढे आणि ही दोघं डोळ्यात तेल घालून मागे. वाचून मला हसूच आलं. आपल्या घरात त्यातलं निम्मं काम तुम्ही आईवरच सोडलं होतंत.

मी सात वर्षांची असेन. पुलाखालच्या दगडावर तुम्ही मला गाठ शिकवत होतात. तंगूस गळाच्या नाकातून ओवायचा, पाच वेढे, टोक परत पहिल्या फटीतून, आणि आवळायच्या आधी थुंकी लावायची. मी म्हटलं, “शी!” तुम्ही कोरडीच गाठ आवळून हिसका दिलात. तंगूस तिथेच तुटला. मग ओली करून आवळलीत आणि मला ओढायला सांगितलंत. मी ओढून ओढून मागे पडले, गाठ जागची हलली नाही. “घासून तापतो तो,” एवढंच म्हणालात. त्या वर्षानंतर आपण तिथे का गेलो नाही, ते आज नको.

आता ऐका. सकाळची गोळी नाश्त्यानंतर, चालून आल्यावर नाही. आई, त्यांच्या “घेतली”वर विश्वास ठेवू नकोस, पाकीट बघ. डोळ्यांत घालायचे थेंब फ्रिजच्या दारात. आम्ही आठवडाभर रेंजबाहेर असू, फोन लागला नाही तर घाबरायचं नाही. आणि बाबा, रीळ शोधायला स्टुलावर चढू नका. ते माळ्यावर नाहीये. मागच्या खेपेला मी माझ्या बॅगेत टाकून आणलंय.

तुकुनारेला ते पुरणार नाही, माहीत आहे. पण दुपारी वाटाडे पिरान्हा धरायला नेतात, मांसाचा तुकडा लावून. तिथे तेच वापरणार. पिरान्हा तंगूस कुरतडतो म्हणून पुढे तारेचा तुकडा जोडावा लागतो, तो तुमच्याच गाठीने जोडलाय. फोटो सोबत ठेवलाय. भिंग घेऊन वेढे मोजा. मला चारच दिसतायत, दादा पाच म्हणतोय. निघायच्या आधी फोन करून सांगा.

तुमची,
मनू