सिकंदराच्या नावाचं प्रत्येक नाणं सिकंदराचं नसतं

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका ग्रीक चांदीच्या नाण्याचा फोटो होता, खाली फक्त ‘सिकंदराचं नाणं’ एवढंच लिहिलेलं. डोक्यावर सिंहाचं कातडं घेतलेला ग्रीक वीर हेराक्लिस दिसला की आपण सगळेच असं म्हणून मोकळे होतो, पण खरी मजा तर पुढेच आहे म्हणून हे पत्र.

सिकंदर इ.स.पू. 323 मध्ये बॅबिलोनला वारला आणि त्याच्या नावाची नाणी त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं निघतच राहिली, आणि ती पाडणारे फक्त राजे नव्हते, ऱ्होड्स, मिलेटस, काळ्या समुद्रावरचं मेसेम्ब्रिया अशी शहरंसुद्धा होती. एका बाजूला हेराक्लिस, दुसरीकडे हातावर गरुड घेऊन बसलेला ग्रीकांचा देवराज झ्यूस, मागे सिकंदराचं नाव, आणि झ्यूससमोरच्या मोकळ्या जागेत शहराची बारीकशी खूण. ऱ्होड्सचं गुलाब, मिलेटसचा मान वळवलेला सिंह, मेसेम्ब्रियाचं शिरस्त्राण. ही खूण बघितल्याशिवाय नाणं कुठलं ते कळतच नाही.

आता कोणी विचारेल, मेलेल्या राजाचं नाव कशाला? अहो, चार द्राख्मांचं (द्राख्मा म्हणजे ग्रीकांचं चांदीचं चलन) ते नाणं साधारण 17 ग्रॅमचं, चांदी उत्तम, छाप सगळीकडे ओळखीची, त्यामुळे भाडोत्री सैनिक काय नि व्यापारी काय, कुणीही कटकट न करता घ्यायचा. ऱ्होड्सचं घरचं नाणं वेगळं होतं, सूर्यदेव हेलिओस आणि गुलाब, वजनाला हलकं, पण बाहेरची देणी भागवायला सिकंदर छाप बरी पडायची. आपल्या बडोद्यात तरी वेगळं काय होतं, गायकवाडांच्या जुन्या रुपयावर फारसीत नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि सोबत नागरी अक्षर आपल्या महाराजांचं, म्हणून काय त्याला कोणी दिल्लीचा रुपया म्हणत नाही.

अथेन्सने मात्र आपल्या नाण्यांवरचं जुनं घुबड सोडलं नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्यांनी नवीन छाप काढली त्यात घुबड आडव्या पडलेल्या कुंभावर उभं, भोवती ऑलिव्हची माळ, बाजूला अधिकाऱ्यांची नावं आणि बहुतेक नाण्यांत कुंभावर महिन्याचं अक्षरसुद्धा! मला हे फार आवडतं, कारण नाणं कोणाच्या कारकिर्दीत आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात पडलं ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं आहे.

आणि हे सगळं दूरदेशीचं म्हणून सोडू नका. बडोद्याहून ट्रेनने तासाभरावर भरूच आहे, तेव्हाचं बॅरिगाझा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की अपोलोडोटस आणि मिनँडर यांच्या ग्रीक अक्षरांच्या जुन्या द्राख्मा अजून तिथे चालतात. हे दोघे आपल्या वायव्येकडचे ग्रीक राजे, त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी ही तिकडची जुनी लिपी, आणि राजे जाऊनही शंभराहून जास्त वर्षं झाली होती तरी चांदी बंदरात फिरतच होती. इतकी जवळची गोष्ट आपल्या मुलांना माहीत नसावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो छापा, जरा मोठे छापा, आणि खाली वजन नि पाडणाऱ्या शहराचं नाव द्या. शहराची खूण मागच्या बाजूला असते आणि तुम्ही छापली होती फक्त पुढची.

आपला एक वाचक,
बडोदे